सगळ्यांच्या मागे चालणारी सायकल

मित्रांनो, शर्यतीत सर्वांच्या मागे राहायचे, एवढेच जिचे काम होते अशी एक जुनी सायकल मी आहे. आता नगरपालिकेच्या मागच्या शेडमध्ये, मोडक्या खुर्च्या आणि गुंडाळलेले कापडी फलक यांच्यामध्ये भिंतीला टेकून उभी आहे. मागचे चाक बसले आहे. घंटी वाजत नाही, नुसती खरखरते. कॅरिअरला अजून वेळूची एक काठी बांधलेली आहे. तिच्यावर कधी काळी लाल झेंडा होता.

मी गावात आले ती खोक्यातून, सुटी सुटी. सायकलवाल्याने मला जोडले, चाकांची एकेक तार बोटाने छेडून आवाज ऐकला आणि समोर उभ्या असलेल्या पोस्टमनकाकांना म्हणाला, "घेऊन जा. तुम्हाला पुरून उरेल." त्याचे बोलणे खरे ठरले.

बावीस वर्षे मी टपाल वाहिले. काकांची एक सवय होती. दारासमोर उतरल्यावर ते पाकिटावरचा घर क्रमांक मोठ्याने वाचत, मग दारावरचा वाचत आणि दोन्ही जुळले तरच पाकीट आत टाकत. शेजारी म्हणत, "अहो काका, तीस वर्षं राहतोय इथं, अजून नंबर बघता?" काका म्हणत, "तुम्हाला ओळखतो हो, पाकिटाला नाही ओळखत." चुकीच्या दारात गेलेले एकही पत्र मला आठवत नाही.

काका निवृत्त झाले त्याच वर्षी गावात मॅरेथॉन सुरू झाली. खऱ्या मॅरेथॉनच्या निम्मेच अंतर होते, एकवीस किलोमीटर. पण आमच्या लहानशा गावाला तेही पुष्कळ होते. शेवटच्या धावपटूच्या मागे कोणीतरी असावे, असे समितीत ठरले आणि ते काम काकांना मिळाले. नियम सोपा होता. जो सर्वांत मागे असेल त्याच्यामागे मी राहायचे, त्याच्याच वेगाने. मी पुढे गेले की पाण्याची टेबले उचलायची, दोऱ्या सोडायच्या, रस्ता वाहनांना खुला करायचा. झेंडा दिसला म्हणजे मागे आता कोणी नाही, असे गावाने धरून चालायचे. इतक्या लोकांचा विश्वास माझ्या एका काठीवर होता.

पुढच्या धावपटूंचे फोटो निघतात. मला मात्र मागचेच ठाऊक. बँकेतले कॅशियर पंधराव्या किलोमीटरला दर वर्षी शपथ घेत, "बास, पुन्हा नाव काढणार नाही," आणि पुढच्या वर्षी पहिला अर्ज त्यांचाच असे. चित्रकलेचे मास्तर एकदा भर रस्त्यात आडवे झाले आणि आभाळाकडे बघत म्हणाले, "काका, इथून फार छान दिसतंय, तुम्हीही या." एक नवराबायको अठरा किलोमीटर भांडत आली, नंतर भांडायलाही दम उरला नाही, तेव्हा एकमेकांचा हात धरून चालू लागली. मागे पडलेला माणूस खरे बोलतो. ते ऐकायला कोणीतरी मागे असावे लागते.

सर्वांत जास्त वेळा माझ्यापुढे असत त्या इस्त्रीवाल्या वहिनी. इस्पितळाच्या धुलाईघरात त्या चादरींना इस्त्री करत. दिवसभर एका जागी उभे राहून पाय भरून येतात, म्हणून वर्षातून एकदा ते मोकळे सोडायचे, असे त्या सांगत. त्यांचे यजमान वेल्डर होते. ते शेवटच्या कमानीपाशी वहिनींच्या चपला हातात घेऊन उभे राहत. कारण धावून आल्यावर वहिनींना बूट एक क्षणही सहन होत नसत.

"भाऊजी, किती राहिलं?" वहिनी काकांना विचारत.

"मघाशी होतं त्यापेक्षा कमी."

"ते मलाही कळतं हो! पोस्टात काय हेच शिकवत होते?"

असे बोलत बोलत आम्ही पोहोचत असू. मुले ओरडत, "सायकल आली! संपली शर्यत!" आणि टाळ्या पडत. पहिल्या आलेल्याला मिळतात तेवढ्याच. त्या टाळ्यांचा मला अभिमान होता, मित्रांनो. खोटे कशाला बोलू?

आता जे सांगायचे ते सांगते.

त्या वर्षी प्रमुख पाहुण्यांना यायला उशीर झाला. सहाची शर्यत सव्वासातला सुटली आणि ऊन लवकर चढले. तेराव्या किलोमीटरला पाण्याचे पंपघर आहे. तिथे वहिनी थांबल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता आणि हात पोटावर होता.

"भाऊजी, तुम्ही पुढे व्हा."

"काय झालं?"

"पोट बिघडलंय. जरा... मागे जाऊन येते." त्या पंपघराकडे बघत म्हणाल्या. "तुम्ही इथं झेंडा घेऊन उभे राहिलात तर साऱ्या रस्त्याला कळेल. जा ना! मी येतेच."

काका कानापर्यंत लाल झाले. त्यांनी मान खाली घातली, माझ्यावर टांग टाकली आणि एकदाही वळून न बघता निघाले. माणूस भला होता. बाईमाणसाचा संकोच त्याने राखला. पण बारा वर्षांत पहिल्यांदाच माझ्या मागे कोणीतरी होते, आणि ते आम्हा तिघांशिवाय कोणालाच ठाऊक नव्हते.

पुढे अर्ध्या किलोमीटरवर धान्याच्या कोठाराचे वळण लागते. काका तिथे थांबले. पण पाण्याच्या टेबलावरच्या माणसांना झेंडा दिसला आणि ती नियमाप्रमाणे कामाला लागली. टेबल मिटले. पिंप जड होते, म्हणून उरलेले पाणी रस्त्याकडेला ओतून दिले. दोऱ्या सुटल्या आणि खडीचे ट्रक धावू लागले. काका वहिनींच्या वाटेकडे बघत होते. पाठीमागे काय चालले आहे, हे त्यांच्या ध्यानातच आले नाही.

वीस मिनिटे झाली. वहिनी येईनात. पंपघराच्या मागून एक पायवाट थेट कोठारापाशी निघते. त्या तिकडून तर आल्या नसतील, असे काकांच्या मनात आले. टेबल आवरणाऱ्यांत गावातला केमिस्ट होता. काकांनी त्याला विचारले, "मागून एक बाई आल्या का हो?"

"एक बाई मघाशी दमलेल्यांच्या टेम्पोत बसून गेल्या की. पोट बिघडलंय म्हणत होत्या."

"पिवळा टीशर्ट?"

"अहो काका, आज सगळं गावच पिवळ्या टीशर्टात आहे!"

काकांनी सुस्कारा सोडला. पोट बिघडलेली बाई, म्हणजे वहिनीच. प्रत्येक धावपटूच्या छातीवर मोठ्या आकड्यांत क्रमांक होता. टेम्पोतल्या बाईंचा क्रमांक काय, एवढे विचारले असते तर पुरे होते. ज्याने जन्मभर क्रमांक वाचल्याशिवाय पाकीट टाकले नाही, त्याने त्या दिवशी तो विचारला नाही. जास्त विचारपूस केली तर वहिनींचीच चर्चा होईल, असे त्याला वाटले. पुढे कॅशियर पोटरी धरून लंगडत होते. आम्ही त्यांच्यामागे निघालो.

कमानीत शिरताना टाळ्या पडल्या. "सायकल आली! संपली शर्यत!" आणि त्या गलक्यात वेल्डर पुढे आले. हातात चपला होत्या.

"सायकल आली, मग ही कुठाय?"

"टेम्पोतून आल्यात ना?"

"टेम्पो येऊन तास झाला. त्यात सोनाराची सून होती."

काकांच्या हातातून मी सुटले आणि पडले. मला कोणी उचलले नाही.

पुढचे मी पाहिले नाही. लोकांच्या बोलण्यातून कळले. वहिनी पंपघरामागून बाहेर आल्या तेव्हा पायांत त्राण नव्हते. तरी त्या धावू लागल्या. कोठाराच्या वळणावर ना टेबल, ना माणूस. नुसती ओली जमीन आणि वाऱ्यावर उडणारे कागदी पेले. एका ट्रकवाल्याने त्यांना झोकांड्या खात जाताना पाहिले. पण झेंडा केव्हाच गेला होता, तेव्हा या शर्यतीतल्या नसणारच, असे त्याला वाटले. पाऊण वाजता त्या खडी मशीनच्या कुंपणाला टेकून बसलेल्या सापडल्या. बूट काढून शेजारी नीट ठेवले होते. त्यांना त्यांच्याच इस्पितळात नेले, कदाचित त्यांनीच इस्त्री केलेल्या चादरीवर निजवले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या.

समितीची सभा भरली. काका उभे राहिले आणि एवढेच म्हणाले, "मी त्यांना सोडून पुढे गेलो. चूक माझी." का गेलो, हे सांगितले नाही. वेल्डरनी भर सभेत त्यांची गचांडी धरली. "का सोडलंस तिला? कंटाळा आला होता? ऊन लागत होतं?" काकांनी पुन्हा तेवढेच म्हटले, "चूक माझी." मेलेल्या बाईची अब्रू त्यांना अजूनही राखायची होती. गावाने त्यांना आळशी म्हटले, निष्काळजी म्हटले. मला नगरपालिकेच्या शेडमध्ये टाकले.

एक वर्ष शर्यत बंद राहिली आणि मग पुन्हा सुरू झाली. आता शेवटच्या धावपटूमागे मोटार असते. तिच्या काचा बंद असतात.

गेल्या महिन्यात शेडचे दार उघडले. वेल्डर दाराची बिजागरी जोडायला आले होते. थोड्या वेळाने काकाही आले, काठी टेकत. मला बघायला आले असावेत. दोघे समोरासमोर आले. काका परत फिरले, दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. मग दाराकडे तोंड करून, एका दमात, त्यांनी पंपघराची सारी गोष्ट सांगितली.

वेल्डरनी हातातली बिजागरी खाली ठेवली. मग म्हणाले, "एवढंच होतं? पोट बिघडलं होतं तिचं? आणि तीन वर्षं मला सांगायला लाजलास?"

"वहिनी म्हणाल्या, जा. म्हणून गेलो."

"हो. ती तसंच म्हणणार." वेल्डरनी हातमोजे काढले. "इस्पितळात शुद्ध यायची-जायची. आली की एकच म्हणायची. भाऊजी बिचारे पुढं कुठंतरी उन्हात थांबले असतील. कोणीतरी जा, त्यांना घरी पाठवा."

काका खाली बसले. जमिनीवरच बसले. वेल्डरनी त्यांना उठवले नाही आणि सोडूनही गेले नाहीत. बिजागरीचे काम अर्धवट टाकून ते बाजूला उभे राहिले.

मित्रांनो, मला रंग लावा, माझ्या चाकात हवा भरा, असे मी तुम्हाला म्हणत नाही. माझे दिवस सरले. पण तुमच्यासोबतचे कोणी कधी मागे राहील. दुखत असेल, उलटी होत असेल, कपडे खराब झाले असतील. ते लाजेने म्हणेल, "तू जा, मी येतेच." तेव्हा त्याची लाज जरूर राखा. तोंड दुसरीकडे करा. हवे तर पाठ फिरवून उभे राहा. पण उभे राहा.