चावी एक, तुम्ही चौतीस

वही गेली हे कळलं तो गुरुवार होता, तिसरा तास. सरांनी कपाट उघडायला सांगितलं. चावी सांभाळणारी मुलगी उठली, तिच्याबरोबर आणखी दोघं उठली, तिघांनी मिळून कपाट उघडलं. वरच्या फळीवर नकाशांची गुंडाळी होती, खडूंचा खोका होता. वही नव्हती.

"इथंच तर होती," सर म्हणाले.

"तुम्ही शेवटची कधी पाहिलीत, सर?" मागच्या बाकावरून लंबूने विचारलं.

प्रश्न साधा होता. सरांनी उत्तर दिलं नाही, कारण खरं उत्तर 'काल संध्याकाळी' असं होतं, आणि ते देण्यासारखं नव्हतं.

वही सरांच्या बायकोची. सर मुळात रसायनशास्त्राचे. सव्वीस वर्षं प्रयोगशाळेत गेलेली. मुलं पाठीमागे त्यांना 'आम्ल' म्हणायची आणि ते त्यांना ठाऊक होतं. शेवटच्या वर्गाला अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र शिकवायच्या त्या बाई, म्हणजे सरांची बायको. सुट्टीत बाई वारल्या. नवा माणूस मिळेपर्यंत मुख्याध्यापिका हा विषय कुणाच्या तरी गळ्यात घालणारच होत्या. सरांनी तो आपणहून मागून घेतला. त्या टेबलामागे दुसरं कुणी उभं राहिलेलं त्यांना बघवलं नसतं, एवढंच कारण.

बाईंची एक पद्धत होती. पहिल्या दिवशी त्या काही शिकवत नसत. कपाटाची चावी टेबलावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "हे कपाट वर्षभर तुमचं. चावी एक, तुम्ही चौतीस. ती कुणाकडे राहणार, किती दिवस, आणि तो चुकला तर त्याच्याकडून काढून कशी घेणार, ते ठरवा. ठरलं की वहीत लिहा. मग ते सगळ्यांना लागू, मलासुद्धा." एवढं बोलून बाहेर जायच्या. घरी सरांना सांगायच्या, अर्थशास्त्र यातच आलं, वस्तू एक आणि हात चौतीस. सरकारही यातच आलं, एकाने धरायचं आणि बाकीच्यांनी त्याच्यावर डोळा ठेवायचा.

सतरा वर्षांचे सतरा कायदे त्या वहीत होते. एका वर्गाने चावीचा चक्क लिलाव केला होता. ज्याला मिळाली त्याने कपाट उघडायचं भाडं लावलं आणि नवव्या दिवशी वर्गाने त्याला पायउतार केलं. एका वर्गाने चावी सगळ्यात भित्र्या मुलाला दिली, का तर तो रात्री झोपणार नाही. प्रत्येक कायद्याखाली बाईंचा तांबड्या शाईतला शेरा. 'आणि तो आजारी पडला तर?' 'बहुमताने ठरलं म्हणजे बरोबरच ठरलं का?' पहिल्या पानावर त्यांनी स्वतःचा एकच नियम लिहिला होता: वही वर्गाबाहेर जाणार नाही.

सर पटकन विश्वास टाकणारे नव्हते. प्रयोगशाळेतल्या बाटल्या रोज मोजणारा माणूस. वर्गाच्या हातात चावी द्यायच्या आधीच, सुट्टीत, त्यांनी तिची दुसरी करून घेतली होती. असावी म्हणून. पहिल्या दिवशी त्यांनी बाईंचं वाक्य शब्दाला शब्द म्हटलं. फक्त ते खोटं होतं.

वर्गाने चावी दिली ती चावीवाल्याच्या मुलीला. "हिच्या घरी चाव्या भिंतभर टांगलेल्या असतात, हिला एकीचं काय अप्रूप," असं रेडिओ म्हणाली. रेडिओ म्हणजे वर्गातली कधी बंद न होणारी मुलगी. आणि कपाट उघडताना तिघं हजर हवेत, असाही कायदा झाला.

दुसरी चावी वापरायची असं सरांच्या मनात नव्हतं. मग एका संध्याकाळी शाळा सुटल्यावर वापरली. मग रोज. दोन पानं वाचायची, वही जागेवर ठेवायची, कुलूप लावायचं, घरी जायचं. घरी बायकोच्या अक्षरातलं काहीच नव्हतं. सामानाची यादीसुद्धा ती तोंडीच सांगायची. वही घरी नेणं अवघड नव्हतं, पण पहिल्या पानावरचा नियम तिचा होता आणि तो मोडायचा त्यांना धीर झाला नाही.

तर गुरुवारी वही नाही म्हटल्यावर सरांचं डोकं फिरलं. त्यांनी दार लावून घेतलं आणि दप्तरं टेबलावर उपडी करायला सुरुवात केली. पहिलं चावीवाल्याच्या मुलीचं. डबा निघाला, पुस्तकं निघाली, आणि एक कानस.

"ही कशाला?"

"बाबांची आहे. शाळा सुटल्यावर दुकानात द्यायचीय."

"चावीवाल्याची मुलगी," सर म्हणाले. "तुला कुठलं कुलूप अवघड असणार म्हणा."

मुलीने डबा आत ठेवला, पुस्तकं ठेवली, कानस जुन्या फडक्यात गुंडाळून ठेवली. मग म्हणाली, "अजून तेहतीस दप्तरं राहिलीत, सर."

सरांनी तीही झाडली. वही मिळाली नाही.

शुक्रवारी त्यांना सगळेच चोर दिसायला लागले. कुणी हसलं तरी पाल चुकचुकायची, कुणी गप्प बसलं तरी चुकचुकायची. रेडिओ दिवसभरात चार वाक्यंसुद्धा बोलली नाही, याचा अर्थ काय? लंबू त्यांच्या नजरेला नजर देत नव्हता, तो का? शाळा सुटल्यावर ते तडक चावीवाल्याकडे गेले.

दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. एक यंत्र, एक स्टूल, भिंतभर चाव्या.

"या सर. बसायला एकच स्टूल आहे, आणि त्यावर मी आहे," चावीवाला उठत म्हणाला.

"उभाच बरा आहे. तुमच्या मुलीबद्दल बोलायचंय. वर्गातल्या कपाटातून एक वही गेलीय. कपाटाची चावी तिच्याकडे असते."

चावीवाल्याने यंत्र बंद केलं. "त्या कपाटाची दुसरी चावी मी एकदाच पाडलीय, सर. सुट्टीत. तुमच्यासाठी."

सरांचा हात खिशातल्या चावीवर गेला.

"हिला वर्गाने चावी दिली ना, त्या दिवशी घरी आणून मला दाखवली. दाताला तीच चीर. मी म्हटलं, अगं, हिची जोडीदारीण तुमच्या सरांकडे आहे. तर म्हणाली, बाबा, कुणाला सांगू नका."

"का?"

"ते मी विचारलं नाही. पोरगी मोठी झाली की थोडं कमी विचारावं." त्याने हातावरचा पितळेचा चुरा झटकला. "कुंपणच शेत खातं म्हणतात, सर. मी तुम्हाला तसं म्हणत नाही."

"मी वही नेलेली नाही."

"मी कुठं म्हटलं? पण तुम्ही हिचं दप्तर झाडलंत आणि वर माझा धंदा काढलात. तेसुद्धा हिने नाही सांगितलं. रेडिओच्या आईने सांगितलं."

शनिवार-रविवार सरांनी घरातच काढला. पहिल्या दिवसापासून मुलीला माहीत होतं, आणि दप्तर उपडं होत असतानाही ती गप्प राहिली होती, हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. गप्प राहून हिला काय मिळवायचंय, हा संशयही त्यांना येऊन गेला. सवय जात नाही.

सोमवारी ते टेबलापाशी उभे राहिले. "गुरुवारी मी विचारायला हवं होतं. आज विचारतो. वही कुठं आहे?"

लंबूने मुलांकडे पाहिलं. मग उठला. "आम्ही हलवली, सर."

"मग त्याच दिवशी का नाही बोललात?"

"विचारलंत कुठं?" रेडिओ म्हणाली. "तुम्ही एकदम दप्तरंच उपडी केलीत. तास संपल्यावर तुम्हाला गुपचूप सांगायचं ठरलं होतं. मग परत मत घेतलं. बावीस विरुद्ध बारा. नाही सांगायचं."

"हलवली कशासाठी?"

"आम्ही वहीचा कणा आत करून ठेवायचो," लंबू म्हणाला. "सकाळी तो बाहेर असायचा. चार दिवस पाहिलं. कुणीतरी शाळा सुटल्यावर कपाट उघडत होतं. वही जाण्याआधी आपणच लपवू म्हटलं."

"कुठं?"

लंबूने मान खाजवली. "आम्लांच्या कपाटात. म्हणजे, प्रयोगशाळेत, सर. तुमच्या. खाली जुने हातमोजे असतात, त्यांच्या मागं. तिथं हात घालायची शाळेत कुणाची टाप नाही. आणि तुमच्यावर कुणाचा संशय जाणार नव्हता." त्याने चावीवाल्याच्या मुलीकडे बोट केलं. "जागा हिने सुचवली."

मुलगी पेनाला टोपण लावत होती.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. तीन मुलं जाऊन वही घेऊन आली. सरांनी ती उघडली. अठरावा कायदा, आणि खाली गुरुवारच्या तारखेने नवं लिहिलेलं: 'पहिल्या पानावरचा नियम मोडून वही वर्गाबाहेर नेत आहोत. कारण कपाट सुरक्षित नाही.' चौतीस सह्या. त्यांनी नियम मोडला होता तो लिहून, सही करून मोडला होता.

"आता चोर," रेडिओ म्हणाली आणि एक कागद पुढे आणला. "शिपाईमामाच असणार. संध्याकाळी झाडायला तेच असतात, चाव्यांचा जुडगाही त्यांच्याकडे. मुख्याध्यापिकांना अर्ज लिहिलाय. फक्त तुमची सही राहिलीय, सर."

अर्ज नीट लिहिला होता. शिपायाच्या नावाने तीन मुद्दे होते, तिन्ही पटण्यासारखे. सरांनी वर पाहिलं. चावीवाल्याची मुलगी आता त्यांच्याकडेच बघत होती.

"शिपायाचा यात संबंध नाही," ते म्हणाले.

"कशावरून?"

"कपाट मी उघडत होतो." त्यांनी दुसरी चावी खिशातून काढून अर्जावर ठेवली.

लंबू म्हणाला, "चावी एक, तुम्ही चौतीस, असं म्हणाला होतात."

"हो. ते खोटं होतं."

"पण उघडायचात कशाला?"

"तिचे शेरे वाचायला."

रेडिओने चावीखालचा अर्ज ओढून घेतला. मग म्हणाली, "सरांनी कायदा मोडला तर काय, ते आपण लिहिलंच नाही."

"मग लिहा," सर म्हणाले आणि बाकाच्या टोकाला जाऊन बसले.

भांडण उरलेला तास चाललं. कुणी म्हणालं, सरांना वहीच देऊ नये. कुणी म्हणालं, बायकोचीच आहे, काय हे. शेवटी ठरलं ते लंबूने वाचून दाखवलं. "एक, दुसरी चावी मोडीत काढायची. दोन, सरांनी दर बुधवारी, तिघांच्या देखत, हवी तेवढी वही वाचायची. तीन, दप्तरांबद्दल आणि हिला जे बोलले त्याबद्दल सरांनी..."

"ते लिहू नका," चावीवाल्याची मुलगी म्हणाली. "ते वर्गाचं नाही."

लंबूने तिसरा मुद्दा खोडला. तास संपला, आणि ती सगळ्यात आधी बाहेर पडली.

बुधवार येऊन गेला. सरांनी तिघांच्या देखत आठ पानं वाचली. त्या तिघांत ती होती. त्यांनी दोनदा घसा साफ केला आणि दोन्ही वेळा पान उलटलं. तिने पाणी हवंय का विचारलं, ते नको म्हणाले.

शिपायावरचा अर्ज फाडून झाला, चावी मोडून झाली. त्या मुलीची माफी मागायची अजून राहिली आहे.