दासगावची ओहोटी

आमोद सरांनी सत्तावीस वर्षं महाडच्या पोरांना भरती-ओहोटी शिकवली, तीही फळ्यावर. प्रत्यक्ष समुद्राशी त्यांचा संबंध सहलीत पोरं मोजण्यापुरता. पण ज्ञान अंगात मुरलं की माणसाला अनुभवाची गरज वाटत नाही, आणि सरांना तर कशाचीच गरज वाटत नसे. हे आता ते स्वतःच सांगतात. तेव्हा कुणी ऐकवलं असतं तर त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

गेल्या पाच वर्षांत मात्र त्यांचं ज्ञान घरात चालेनासं झालं होतं. एकवीस सालच्या पुरात त्यांच्या पत्नी, वैदेहीताई, सकाळपासून म्हणत होत्या, "अहो, सामान वर नेऊ या." सरांनी त्यांना सावित्री नदीचा उतार समजावला आणि दाराच्या दुसऱ्या पायरीवर खडूनं रेघ मारली. पाणी याच्या वर येणार नाही! पाणी पंख्याला लागलं. वैदेहीताई जिच्यावर मुलींना गाणं शिकवायच्या ती हार्मोनियम चिखलात गेली आणि नवराबायको शेजाऱ्यांच्या गच्चीवर भिजत बसले.

तेव्हापासून वैदेहीताई नवऱ्याबरोबर पाण्याच्या वाटेला गेल्या नाहीत. नदीकाठी फिरणं बंद, समुद्रावरची आमंत्रणं बंद. बिचारीच्या मनात पाण्याची धास्ती बसली, ती आपणच काढायची, असं सरांनी ठरवलं. खरं सांगायचं तर धास्तीपेक्षा त्यांना स्वतःच्या शब्दाची गेलेली पत परत हवी होती.

त्यांनी हरिहरेश्वर निवडलं. तिथली प्रदक्षिणा देवळामागच्या डोंगराला वळसा घालते, पायऱ्या उतरून थेट समुद्रातल्या खडकांवरून जाते आणि ओहोटी असेल तरच करता येते. "मी वेळ काढतो. पाऊल भिजणार नाही तुझं," सरांनी शब्द दिला. "बरं, एकदा बघू," वैदेहीताई म्हणाल्या.

शाळेतले रितेश सर म्हणाले, मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक मिळतं. आमोद सर हसले. सावित्रीच्या खाडीचं पाणी दासगावपर्यंत येतं, दासगाव महाडच्या उंबऱ्यावर आहे, आणि आपण काय मोबाइल बघायचा? गुरुवारी ते स्कूटर घेऊन दासगावला गेले, चिखलात खुणांची काठी रोवली आणि उन्हात बसून राहिले. ओहोटीचा तळ अकराला. रोज पन्नास मिनिटं पुढे धरली तर रविवारी दीड वाजता. गणित चोख होतं. दहावीच्या पेपरात पैकीच्या पैकी मिळाले असते.

रविवारी एक वाजता ते खडकांवर उतरले. सरांनी या कामासाठी धावायचे पिवळे बूट घेतले होते आणि वीस वर्षांचे असल्यासारखे एका खडकावरून दुसऱ्यावर उड्या मारत होते. निम्मी वाट झाली तेव्हा मागून आवाज आला, "अहो, मघाशी तो खडक कोरडा होता."

"लाट मोठी आली असेल. अजून अर्धा तास पाणी उतरतंय."

"चढतंय."

सरांनी वळून चंद्राच्या गुरुत्वाकर्षणाबद्दल एक वाक्य सुरू केलं. ते संपायच्या आत लाट आली आणि गुडघ्याएवढी उभी राहिली. पिवळ्या बुटांत समुद्र भरला.

"मागे फिरा," वैदेहीताई म्हणाल्या.

"प्रदक्षिणा अर्धी सोडून उलट फिरत नाहीत," सर म्हणाले. एरवी ते देवळात घंटासुद्धा वाजवत नसत.

पुरात वैदेहीताईंनी नवऱ्याचं ऐकलं होतं. या वेळी नाही ऐकलं. त्यांनी सरांचं मनगट धरलं आणि आल्या वाटेनं ओढायला सुरुवात केली. मग दोघं पळाले. पळाले म्हणजे वैदेहीताई पळाल्या आणि सर घसरत, सरपटत, चारी पायांवर त्यांच्या मागे गेले. शेवाळानं त्यांना बसवलं, कालवांच्या धारेनं तळवा कापला, सदरा काखेत फाटला. शेवटच्या घळीत पाणी कमरेला लागलं, तेव्हा मात्र त्यांची बोबडी वळली. वैदेहीताई वर चढल्या, पालथ्या पडल्या आणि त्यांनी कॉलर धरून नवऱ्याला वर घेतलं.

पायऱ्यांच्या वर कोकम सरबत विकणारी मैनाबाई बसली होती. "भरती लागून दीड तास झाल्यावर तुमी खाली उतरलाव कशे?"

"दासगावला मोजून आलो," सर धापा टाकत म्हणाले. "तिथे आत्ता ओहोटी आहे."

मैनाबाईनं वैदेहीताईंकडे पाहिलं. "गो बाय, दासगावला पानी हितूनच जातं ना? पोचायला येळ नाय का लागनार?" मग तिनं सरांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हे करतात काय?"

"भूगोल शिकवतात," वैदेहीताई म्हणाल्या. मैनाबाईनं सरांना सरबताचा ग्लास दिला.

सर कट्ट्यावर टेकले. आता सगळं लख्ख उमगलं होतं. खाडीची लांबी, पाण्याचा वेग, त्यामुळे पडणारा दोन तासांचा फरक! समजावून सांगायला त्यांनी तोंड उघडलं. जिचं पाऊल भिजणार नव्हतं ती बायको समोर ओढणी पिळत होती. सरांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"तुझं ऐकायला हवं होतं," ते म्हणाले. "आज. आणि पुराच्या दिवशीही."

वैदेहीताईंचे हात थांबले. "पाच वर्षं लागली तुम्हाला हे म्हणायला."

"तुझी पाण्याची भीती जावी म्हणून तर आणलं गं..."

"पाण्याची?" त्या हसल्याच. "पाण्याला कुठे भिते मी? ते येताना दिसतं तरी. तुम्ही 'येणार नाही' म्हणता ना, त्याला भिते."

सरांनी सरबताचा ग्लास खाली ठेवला.

वैदेहीताईंनी चपला काढून कट्ट्याशी ठेवल्या. "मावशी, पुळणीवर आत्ता पाय बुडवायला गेलं तर चालेल?"

"जा की. घोट्याच्या फुडं जाव नको."

सर लगबगीनं उठू लागले.

"तुम्ही बसा," वैदेहीताई म्हणाल्या, आणि एकट्याच पाण्याकडे निघाल्या.