उलट्या चालीचा ट्रेलर

मित्रांनो, मी होडी वाहणारा एक जुना ट्रेलर आहे. दोन चाके, पुढे एक लांब दांडा आणि पाठीवर होडी टेकवायला लाकडी फळ्या, एवढेच माझे शरीर. रस्त्यावर मी गाडीच्या मागून मुकाट चालतो. पण माझे खरे काम पाण्याच्या काठाशी सुरू होते. तिथे मला उलटे चालावे लागते. गाडी मला मागे ढकलते, मी उतारावरून पाण्यात शिरतो, होडी तरंगू लागते आणि माझे काम होते. ऐकायला हे सोपे वाटते. पण गाडीचे स्टिअरिंग डावीकडे फिरवले की मी उजवीकडे पळतो, आणि उजवीकडे फिरवले की डावीकडे. यात माझा खोडसाळपणा नाही, माझी घडणच तशी आहे. भल्याभल्यांना मी त्यामुळे घाम फोडला आहे.

माझा जन्म मिशिगनच्या उत्तर टोकाला, सुपीरियर सरोवराच्या काठी, आर्वो निएमेलाच्या शेडमध्ये झाला. तांब्याची खाण बंद पडल्यावर आर्वो मासेमारीकडे वळला होता. त्याने मोडीत निघालेल्या एका ट्रकचा आस आणला, खाणीतले जाड पाइप वेल्डिंग करून त्याला जोडले आणि सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, शेगडीला लावून उरलेला काळा रंग मला फासला. त्याची बायको लेम्पी पाइप धरून उभी होती. वेल्डिंगच्या ठिणगीने तिच्या नव्या स्वेटरला भोक पडले. त्यावरून त्या दिवशी दोघांचे जे वाजले, तेच मी या जगात ऐकलेले पहिले बोलणे.

मला ओढायला एक हिरवी पिकअप होती. तिचे स्टिअरिंग इतके जड, की ते फिरवायला दंडात जोर लागे. आरसे तळहाताएवढे. दाराच्या काचेपुढे एक तिकोनी खिडकी होती. ती उघडून आर्वो सिगारेटची राख झाडायचा. मागचे दाखवणारे यंत्र म्हणजे त्याची स्वतःची मान.

पहिल्याच वर्षी त्याने लेम्पीला मला मागे घ्यायला शिकवले. चर्चच्या रिकाम्या आवारात दुधाचे दोन कॅन ठेवले आणि म्हणाला, "यांच्या मधून ने."

लेम्पीने पहिल्याच फेरीत एक कॅन चेपला.

"अगं, डावीकडे! डावीकडे म्हटलं ना!"

"डावीकडेच फिरवलं की! तुझा हा ट्रेलरच येडा आहे!"

"ट्रेलर येडा नाही. स्टिअरिंग वरून धरू नकोस, खालून धर. आता हात जिकडे नेशील, तिकडे तो जाईल."

"हे आधी सांगायला काय झालं होतं? कॅन चेपायची वाट बघत होतास?"

संध्याकाळपर्यंत तिने मला त्या कॅनमधून अकरा वेळा नेले. त्यानंतर आमच्या धक्क्यावर मला पाण्यात नेण्याचे काम लेम्पीचेच झाले. तो उतार अरुंद आहे. एका बाजूला दगडांचा बांध, दुसऱ्या बाजूला खोल पाणी. बाहेरगावचे पुरुष तिथे चार-चार वेळा पुढेमागे करत. मग लेम्पी यायची. एक हात खिडकीत, एक हात स्टिअरिंगच्या तळाशी. एका दमात मी पाण्यात. आर्वोचा मित्र वाइनो कॉफीचा थर्मास घेऊन बांधावर बसलेला असे. तो मुद्दाम मोठ्याने म्हणायचा, "आर्वो, तू घरी राहिलास तरी चालेल रे." त्या वर्षांमध्ये माझा रंग चकचकीत होता. दर वसंतात माझ्या चाकांच्या बेअरिंगमध्ये ताजे ग्रीस भरले जाई.

त्यांना एकच मुलगी, इर्या. ती सोळा वर्षांची असताना आर्वोने तिलाही त्याच आवारात नेले. त्या दिवशी तो थकलेला होता की आणखी काही, मला माहीत नाही. पण तिसऱ्या चुकीला तो तिच्यावर असा काही ओरडला, की ती गाडी तशीच सुरू ठेवून उतरली आणि चालत घरी गेली. त्यानंतर कितीतरी वर्षे तिने स्टिअरिंगला हात लावून मला मागे घेतले नाही. दोन वर्षांनी ती नर्सिंग शिकायला मिलवॉकीला गेली आणि तिथेच राहिली.

दिवस गेले. हिरवी पिकअप गंजून भंगारात गेली. एका हिवाळ्यात आर्वोही गेला. त्याच हिवाळ्यात लेम्पी बर्फावर घसरली. मानेचे ऑपरेशन झाले आणि त्यानंतर तिची मान वळेनाशी झाली. मागे बघायचे तर तिला सगळे अंग फिरवावे लागे. होडी शेडमध्ये गेली आणि मी सौनामागच्या बर्च झाडांखाली. सहा वर्षे मी तिथे होतो. माझे एक टायर बसले. फळ्यांवर शेवाळ आले. एका खारीने माझ्या दिव्याच्या डबीत दाणे साठवले. लेम्पी लाकडे न्यायला रोज जवळून जायची, पण माझ्याकडे बघायची नाही. मला त्याचे वाईट वाटायचे. आता कळते, की वाईट तिलाही वाटत होते.

मग इर्या परत आली. पन्नाशीची झाली होती. जवळच्या इस्पितळात तिने नोकरी धरली आणि येताना एक नवी करडी पिकअप आणली. त्या गाडीत मागे बघायला कॅमेरा होता, पुढे पडदा होता आणि खाली एक गोल बटण होते. इर्याने मला बर्चखालून काढले, टायर बदलले, टेपने माझा दांडा मोजला आणि त्यावर काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा एक स्टिकर चिकटवला. कॅमेरा त्या स्टिकरवर नजर ठेवी. बटण ज्या बाजूला फिरवावे त्या बाजूला मी जायचो. स्टिअरिंग आपले आपणच गरगर फिरे.

खरे सांगतो मित्रांनो, मला ते आवडले. धक्का नाही, हिसका नाही. दांड्यावर ताण नाही. पण लेम्पी पायरीवर उभी राहून बघत होती.

"हे काय? रेडिओ लावतेस का?"

"आई, ट्रेलर मागे घेतेय. तूसुद्धा घेऊ शकशील. मान वळवायची गरजच नाही यात."

"मला शिकवतेस? ट्रेलर मागे घ्यायला?"

"शिकवत नाहीये गं, सांगतेय."

"बटण फिरवून कोणीही नेईल. त्यात तू काय केलंस?"

इर्याने गाडी बंद केली आणि आत निघून गेली. त्यानंतर दोघी कॉफी एकाच टेबलावर पीत, वेलदोड्याचा पाव एकाच ताटलीतून घेत, पण माझा विषय कोणीच काढत नसे.

ऑक्टोबरच्या अखेरची गोष्ट. त्या दुपारी इर्या होडी घेऊन धक्क्यावर जायला निघाली होती. हिवाळ्याआधी एकदा इंजिन पाण्यात चालवून बघायचे होते. लेम्पी, काही काम नसताना, शेजारच्या सीटवर येऊन बसली. आम्ही पोहोचलो तेव्हा वारा फिरला होता आणि ओले बर्फ पडू लागले होते. धक्क्यावर वाइनोची गाडी उभी होती. वाइनो मात्र नव्हता. लेम्पीने सगळे अंग वळवून पाण्याकडे पाहिले.

"इर्या, ते बघ. वल्हं हलवतोय कोणीतरी."

ऐंशी वर्षांचा वाइनो एकटाच जाळी काढायला गेला होता. त्याचे इंजिन बंद पडले होते आणि वारा त्याला काळ्या खडकांकडे नेत होता. इर्याने बचाव पथकाला फोन लावला. पोहोचायला पाऊण तास लागेल, असे उत्तर आले. तेवढा वेळ वाइनोकडे नव्हता.

इर्याने मला उताराकडे वळवले आणि बटण फिरवले. मी जेमतेम दोन हात मागे गेलो आणि गाडी थांबली. ओल्या बर्फाने स्टिकर झाकला होता. ती धावत आली, बाहीने स्टिकर पुसला, कॅमेऱ्याची काच पुसली, पुन्हा बसली. पुन्हा दोन हात, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तिने बटण सोडले आणि स्टिअरिंग हातात घेतले. मी विरुद्ध बाजूला पळालो. तिने आणखी जोरात फिरवले, मी आणखी दुमडलो. माझे डावे चाक काँक्रीटवरून घसरून बांधाच्या दगडांत गेले. दांडा करकरला. मला वाटले, आता मोडतो.

लेम्पी खाली उतरली होती. तिने खिडकीवर थाप मारली.

"हो बाजूला, मी बसते."

"तुझी मान वळत नाही आई! तुला मागचं काय दिसणार?"

 लेम्पीच्या केसांवर बर्फ साठत होते.

"मग तू बस. आणि माझं ऐक."

ती माझ्या बाजूला, बांधावर येऊन उभी राहिली. तिथून तिला मान न वळवता मी पुरता दिसत होतो. "आधी पुढे घे. सरळ. आणखी. बास. आता त्या पडद्याकडे बघू नकोस, त्याला आत्ता काही दिसत नाहीये. स्टिअरिंग खालून धर."

"खालून?"

"घड्याळात सहा असतात तिथं. आता हात माझ्याकडे आण. थोडाच! आण आणखी. आता परत मध्ये. सावकाश गं, तो कुठे पळून जात नाही."

इर्या घाई करत होती. मला ती दांड्यातून कळत होती. पण लेम्पीचा आवाज एकदाही चढला नाही. वारा एवढा असताना, समोर वाइनो वाहून जात असताना, ती दुकानात कापड बघावे तशी बोलत होती. डावीकडे जरा. मध्ये. तसंच येऊ दे. माझी चाके पाण्याला लागली, मग आस बुडाला, मग होडी माझ्या पाठीवरून उचलली गेली.

दोघी जीवरक्षक जाकिटे घालून होडीत चढल्या. इर्या इंजिनवर, लेम्पी पुढे दोर घेऊन. मी अर्धा पाण्यात, अर्धा बाहेर, उतारावर थांबलो. पुढे फक्त पांढरे दिसत होते. इंजिनाचा आवाज लांब गेला, मग ऐकू येईना. जन्मात मी हजार वेळा असा थांबलो असेन. पण इतक्या धास्तीने कधीच नाही.

परत आल्या तेव्हा होडीत तिघे होते. वाइनोचे दात वाजत होते, तरी तो म्हणाला, "लेम्पी, इतका वेळ? माझी कॉफी गार झाली की."

"तुझं डोकं गार झालंय म्हाताऱ्या. एकटा जातोस या हवेत!" लेम्पी म्हणाली आणि आपला मफलर त्याच्या गळ्यात गुंडाळला.

वाइनोला गाडीच्या गरम हवेत बसवून इर्या होडी माझ्या पाठीवर बांधायला मागे आली. लेम्पीही आली.

"बाबा असं शिकवत असते तर मी शिकले असते," इर्या म्हणाली.

"तुझ्या बाबांनी मलाही ओरडूनच शिकवलं. मी उलट ओरडले, तू उतरून गेलीस." लेम्पीने दोराची गाठ आवळली. "त्या दिवशी मी तुझ्या मागे यायला हवं होतं. आले नाही."

 इर्याने आईच्या केसांवरचे बर्फ झटकले.

पुढचे तीन रविवार आम्ही चर्चच्या आवारात होतो. इर्या चुकली, हसली, पुन्हा चुकली, आणि शिकली. चौथ्या रविवारी लेम्पी स्वतः ड्रायव्हरच्या सीटवर बसली, चष्मा पुसला आणि म्हणाली, "बघू तुझं ते बटण." पहिल्या फेरीला ती त्याला सारखी शिव्या देत होती. दुसरीला गप्प झाली. आता या उन्हाळ्यात ती आठवड्यातून दोनदा एकटीच मला धक्क्यावर नेते. सहा वर्षांनी तिला स्वतःच्या होडीत स्वतःच्या मर्जीने बसता येते, ते त्या बटणामुळेच. हे मी नाकारणार नाही.

मित्रांनो, तुमच्या अंगणात माझ्यासारखे कोणी पडून असेल तर त्याच्या चाकात ग्रीस भरा, ओल पुसा. गाडीत नवी सोय आली तर ती जरूर वापरा आणि तिची काच स्वच्छ ठेवा. पण घरात कोणाच्या हातात एखादी विद्या असेल, तर तो हात थकण्याआधी ती मागून घ्या. इर्याने ती घेतली तेव्हा लेम्पी त्र्याहत्तर वर्षांची होती. थोडक्यात निभावले.