हिरव्या दिव्याचा नियम

“हिरवा दिवा लागल्याबिगर बटन बंद करू नका, भाभीजी. रोज गच्च भरून ठेवा, मंग बॅटरी कधी दगा देनार न्हाई.”

भुजंग मिस्त्रीचे हे शब्द मला अजून ऐकू येतात. मित्रांनो, मी जालन्याच्या मस्तगडातल्या एका घरगाडीचा जुना चार्जर आहे. घरगाडी म्हणजे आत ओटा, बाकं आणि पाण्याची टाकी असलेली मोठी गाडी. संतोषबाई बाहेरचं अन्नपाणी घेत नाहीत, म्हणून त्यांच्या यजमानांनी, नथमलशेठनी, ती बांधून घेतली. घरच्या विजेवर तिची बॅटरी भरायची, एवढंच माझं काम.

संतोषबाई बोलायला मऊ आणि नियमाला पक्क्या. भुजंगचं ऐकून त्यांनी मनातच आणखी एक नियम धरला. माझा हिरवा दिवा लागल्याशिवाय पाण्याचा घोट घ्यायचा नाही. शिशाची जुनी बॅटरी होती तोवर सकाळी नऊच्या आत दिवा लागायचा. “शहाणा आहे हा,” म्हणत त्या पदरानं माझी धूळ पुसायच्या. सहा वर्षं मी तेवढ्यावर खूश होतो.

या चैत्रात गाडीत लिथियमची नवी बॅटरी आली. केदारखेड्याच्या दैवशालाबाई संतोषबाईंच्या शाळेपासूनच्या मैत्रीण. त्यांचा श्वास आता ऑक्सिजनच्या मशीनवर चालतो. दोन वर्षं त्या उंबऱ्याबाहेर पडल्या नव्हत्या. त्यांना एकदा शहागडला गोदावरी पाहायची होती, आणि संतोषबाईंनी नेण्याचा शब्द दिला होता. वाटेत ती मशीन चालावी म्हणूनच ही नवी बॅटरी.

“रस्त्यात मशीन बंद पडली तर?” दैवशालाबाईंनी फोनवर विचारलं होतं.

“नाही पडणार. मी रोज बॅटरी भरते ना.”

“तू भरतीस म्हनूनच भ्या वाटतंय. शाळेत तुझ्या पेनात कधी शाई नसायची.”

बॅटरी बदलली, पण मला कुणी बदललं नाही. मी जुन्याच जोरानं वीज ढकलायचो. ती नवी बॅटरी जीव वाचवायला आतून दार लावून घ्यायची. माझा दिवा तासन्‌तास लालच राहायचा. मी थांबायचो, पुन्हा ढकलायचो. पत्र्याखाली अंग तापायचं, घुंघूं थांबायची नाही. दहा वाजायचे, अकरा, बारा; कसाबसा हिरवा लागायचा तो दुपार टळल्यावर. संतोषबाई समोर माळ घेऊन बसायच्या, ओठ सुकलेले, नजर माझ्यावर. आपल्यामुळे कुणी तहानलेलं आहे हे दिसावं आणि काहीच करता येऊ नये, याहून वाईट काय?

तिसऱ्या दिवशी नात रितिकानं विचारलं, “दादी, आज कुठला उपवास?”

“उपवास नाही गं. दिवा लागायचाय.”

रितिकानं कपाळाला हात लावला आणि जाऊन भुजंगला घेऊन आली. त्यानं मला हात लावला, तो चटका बसून मागे घेतला.

“लिथियमला हा चार्जर कोन लावला?”

“तुम्हीच म्हणाला होता, हिरवा दिवा लागेपर्यंत...”

“ते शिशाच्या बॅटरीचं व्हतं, भाभीजी. हिला रोज गच्च भरायचं न्हाई. गाडी उभी आसंल तवा निम्म्याच्या जरा वर बस झालं. निघायच्या आदल्या दिवशी पूर्ण भरा. अन् चार्जर तिचा तिलाच पायजे, ह्यो बिलकुल चालनार न्हाई.” मग आवाज उतरवून म्हणाला, “बोल माझा व्हता, मीच परत घेतो. आधी पानी प्या.”

“अशानं नियम सुटतो का?”

“दादी, नियम बॅटरीच्या काळजीसाठी धरला होतास ना?” रितिका म्हणाली. “मग तिला सोसेल तसं कर.”

संतोषबाई उठल्या. बॅटरीवर हात ठेवून हळूच “मिच्छामि दुक्कडम्” म्हणाल्या, म्हणजे चुकलं असेल तर क्षमा असो. मग माझ्यावरही हात ठेवला, आणि पाणी प्यायल्या.

नवा चार्जर आला. भुजंगनं मशीनइतकी वीज खाणारे दिवे लावून पाहिले. सहा तास झाले तरी बॅटरी तग धरून होती.

मी आता फळीवर आहे. मित्रांनो, मला भंगारात देऊ नका, एखाद्या ट्रॅक्टरच्या बॅटरीला मी अजून चालेन. आणि ज्याला जपायचं त्याला काय सोसतं, ते आधी विचारून घ्या. नुसत्या मायेनं भागत नाही. मी तीन दिवस पाहिलंय.

आज सकाळी संतोषबाईंनी उकळून गार केलेलं पाणी बाटलीत भरलं, बॅटरीचा आकडा दोनदा पाहिला आणि गाडीत नथमलशेठच्या शेजारी जाऊन बसल्या. फोनवर एवढंच बोलल्या, “निघालेय गं. चपला घालून ठेव.”