निरंक

“निरंक लिही,” अप्पाराव फोनमध्ये म्हणाले. “आजाराच्या रकान्यात दुसरं काही लिहायचं न्हाई.”

पलीकडून, अमेरिकेतून, त्यांची मुलगी रेणुका समजावत होती. विद्यापीठात परदेशातून नव्यानं आलेल्या प्रत्येकाला आरोग्य विमा घ्यावाच लागतो, त्याशिवाय वर्गात नाव लागत नाही. सोबतच्या फॉर्मवर मागचे आजार आणि चालू औषधं विचारली आहेत. अप्पारावांना यातलं काहीच पटेना. कॉलेजनं शिकवावं, पोरीच्या अंगात काय आहे याच्याशी त्यांना काय करायचंय? फॉर्म कुणी आणून दिला, तिथं जालन्याकडचा कुणी आहे का, असं त्यांनी दोनदा विचारलं. फॉर्म चीनच्या मुलींनाही दिलाय, असं ती म्हणाली. त्यावर ते म्हणाले की चीनच्या पोरींना आपल्या वाटूर गावात कोण ओळखतं.

ही गोष्ट २००१ सालातली. घरी फोन नव्हता, म्हणून दर रविवारी सकाळी आठला पाशामियाँच्या एसटीडी बूथवर रेणुकेचा फोन येई. अप्पाराव सरकारी दवाखान्यात तीस वर्षं कंपाउंडर होते. महिन्याचा अहवाल त्यांच्याच हातचा असे: पटकी निरंक, सर्पदंश निरंक, विंचूदंश तीन. रकाना कोरा सोडला की वरून विचारणा व्हायची आणि निरंक लिहिलं की विषय मिटायचा. देवावर नसेल इतका त्यांचा या शब्दावर भरवसा होता.

रेणुका सात वर्षांची असताना तिला झोपेत फिट यायला लागल्या. सकाळी उठली की जीभ चावलेली असायची आणि डोकं दुखायचं, एवढंच तिला कळे. अप्पारावांनी तिला जालन्यात दाखवलं नाही, औरंगाबादला नेलं. गोळ्याही तिथूनच आणल्या. घरी आल्यावर एकेक गोळी पाकिटातून काढून बिननावाच्या बाटलीत भरली आणि पोरीला सांगितलं की या ताकदीच्या गोळ्या. दोन वर्षांत फिट थांबल्या, गोळ्या मात्र थांबल्या नाहीत. कंपाउंडरच्या पोरीनं गोळीबद्दल आणखी कुणाला विचारायचं? अप्पाराव आणि त्यांची बायको दुर्गाबाई सोडून गावात कुणाला याचा पत्ता नव्हता. एकदा बोभाटा झाला की पोरीला कुणी पदरात घेणार नाही, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. आता तर गावातल्याच काकासाहेबांच्या पुण्यातल्या इंजिनिअर पुतण्याशी तिची बोलणी चालली होती.

तो आठवडा अप्पारावांनी संशयातच काढला. पोस्टमन दारापुढून तसाच गेला तरी त्यांना वाटे, यानं काहीतरी दडवलं. विमावाल्यांच्या कचेऱ्या सगळीकडे असतात, तिथला कागद इथं यायला कितीसा वेळ? काकासाहेबांनी रस्त्यात रामराम केला, तर तो रोजच्यापेक्षा कोरडा होता का, यावर ते रात्रीच्या जेवणापर्यंत विचार करत राहिले. दुर्गाबाईंनी विमा म्हणजे काय ते विचारून घेतलं. त्यांच्या माहितीत विम्याचे पैसे माणूस गेल्यावरच मिळत. जिवंतपणी दवाखान्याचा खर्च देणारा विमा ऐकून त्या म्हणाल्या, “मंग सांगून टाका की खरं. तिथं कोन सोयरीक बघून राह्यलंय?”

अप्पाराव त्यांच्यावर चिडले. पोरीचं लग्न मोडलं तर तूच जबाबदार, असं नको ते बोलून बसले.

पुढच्या रविवारी ते बूथवर गेले, तर बाकावर काकासाहेब. पुतण्याला पुण्याला फोन लावायचा होता. “येऊ द्या आधी पोरीचा फोन,” ते हसून म्हणाले, “आम्हीबी चौकशी केली म्हनून सांगा.” बूथची काच फुटून वर्ष झालं होतं. आत बोललेलं सगळं बाहेर ऐकू यायचं.

फोन आला. रेणुकेचा आवाज बसलेला होता. तिनं निरंकच लिहिलं होतं. पण तपासणीच्या वेळी तिथल्या नर्सनं तिची ताकदीच्या गोळ्यांची बाटली पाहिली आणि नाव कळेपर्यंत या गोळ्या घेऊ नको असं बजावलं. रेणुकेनं ऐकलं. चौथ्या दिवशी ती स्वयंपाकघरात पडली. शुद्धीवर आली तेव्हा खोलीतली मैत्रीण तिचं डोकं मांडीवर धरून रडत होती.

“बाबा, जीभ चावल्या गेली. लहानपनी व्हायची तशीच,” ती म्हणाली. “डॉक्टर विचारून राह्यलेत. मला काय झाल्तं? मी कोनाला विचारू, तुम्हीच सांगा.”

आपल्याच हातानं पोरीला मारायला निघालो होतो, हे अप्पारावांना त्या क्षणी लख्ख कळलं. त्यांनी बाहेर पाहिलं. काकासाहेब पाशामियाँशी कापसाच्या भावाबद्दल बोलत होते.

ते तोंडावर हात धरून हळूच बोलले. लाइन खरखरत होती. तिला ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. तरीही नाही.

मग त्यांनी तोंडावरचा हात काढला.

“मिरगी,” ते मोठ्यानं म्हणाले. “मिरगी हाय तुला, बाई. सातव्या वर्षापासून. मी लपवून ठेवलं.”

कापसाचा भाव तिथेच थांबला. पाशामियाँनी उगाच रेडिओचं बटण फिरवलं. काकासाहेब उठले, वहाणा पायात घातल्या आणि आपला फोन न लावताच रस्त्याला लागले. अप्पारावांना त्यांची पाठ दिसत होती. त्यांनी हाक मारली नाही.

रेणुका रडत होती की लाइनच तशी होती, ते त्यांना कळेना. मग तिनं विचारलं, “गोळीचं नाव काय, बाबा? स्पेलिंग सांगा. सावकाश सांगा, मी लिहून राह्यले.”

काकासाहेब अजून हाकेच्या अंतरावर होते. अप्पारावांनी आवाज आणखी चढवला.

“पी. परतूरचा पी. एच, हसनाबादचा एच. लिहिलं का बराबर? मंग पुढचं सांगतो.”