तांदळात लिहिलेलं नाव

मित्रांनो, मी एक जुनं पितळी ताट आहे; जन्म भंडाऱ्याचा आणि सारा संसार रायपूरच्या बुढापारा मोहल्ल्यातला. तांबटाने ठोकून ठोकून मला आकार दिला, त्याच्या हातोडीच्या खुणा अजून माझ्या पाठीवर आहेत. रेल्वेतल्या बाबारावांशी इंदूबाईंचं लग्न झालं, तेव्हा मी त्यांच्यासोबत आंदण म्हणून आलं. पुरणापासून पापडाच्या पिठापर्यंत सगळं माझ्यात झालं. पाहुणे म्हणत, "काय झळकून राहिलं ताट!" आणि मी फुगून जाई. मग घरात स्टील आलं नि माझी रवानगी माळ्यावर झाली. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय!

एका कामासाठी मात्र मला खाली काढत. घरात सून आली की माझ्यात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने अंगठीने त्यात तिचं नवं नाव लिहायचं. इंदूबाईंच्या विशालचं लग्न झालं, राधिका सून होऊन आली. नाव सासूने निवडलं, विशालने लिहिलं: अनुश्री. राधिका हसली खरी, पण तिचे डोळे मला जवळून दिसले. त्या दिवसापासून गल्लीत तिला कोणी राधिका म्हटलं नाही.

तिचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष राहिलं होतं. गंधाली जन्मली, आणि ते राहूनच गेलं. बाबाराव आता नव्हते. विशाल दिवसभर भनपुरीच्या गोदामात, इंदूबाई शाळेच्या ऑफिसात. मग पोरीला सांभाळणार कोण? फी आणि पाळणाघर, दोन्ही मिळून विशालच्या पगाराला झेपेना. तेवढ्यात एका संस्थेचा पत्ता लागला. शिकणाऱ्या आयांना ती फी देई, वर बाळाच्या पाळणाघराचा खर्चही उचले. फक्त संस्थेची बाई आधी घर पाहून जाणार होती. ती आली तो कॉलेजात प्रवेशाचा शेवटचा दिवस होता.

मला तेव्हा गंधालीला खेळायला म्हणून माळ्यावरून काढलेलं; जमिनीवर पडून मी तिचा ढोल झालेलं. दारात संस्थेच्या चित्रादीदी उभ्या राहिल्या, कपाळाला आठी.

"राधिका यहाँ रहती है? पूरा पारा पूछ डाला, सब कहते हैं इस नाम की कोई नहीं."

"मैं ही हूँ, दीदी," राधिका म्हणाली.

दीदींनी कागद उलटला. "बच्ची के जन्म प्रमाणपत्र में माँ का नाम अनुश्री है. आपकी मार्कशीट में राधिका. फिर बच्ची किसकी है?"

राधिकाच्या तोंडचं पाणी पळालं. दवाखान्यात ते नाव इंदूबाईंनीच मोठ्या हौसेने सांगितलं होतं.

"दोन्ही मीच... दोनों मैं ही हूँ."

"ऐसा तो कोई भी बोल देगी." दीदींनी पेन उघडलं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण ताटाला कोणी वाजवल्याशिवाय आवाज नसतो.

इंदूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. एकदा बोललेला शब्द मागे घेणारी ही बाई नव्हे, हे मला चाळीस वर्षांत कळलेलं. त्या पुढे आल्या. गंधालीच्या हातून मला ओढलं, पोरीने भोकाड पसरलं. त्यांनी माझ्यात तांदूळ ओतले आणि बोटाने 'अनुश्री' लिहून दाखवलं.

"देखिये दीदी, हमारे में बहू का नाम ऐसे बदलते हैं. मैंनेच बदला."

"हव, समझ गई. पर कागज तो चाहिए."

"कागद मी देतो लिहून. वकिलाकडे चला, आत्ताच!" मग सुनेकडे वळून त्या म्हणाल्या, "माही हौस तुह्या शिक्षणाच्या आड येईन, हे मले काय मालूम होतं, पोरी?" त्यांनी पायात चपला सरकवल्या.

तिघी रिक्षाने कोर्टाकडे पळाल्या, गंधाली काखेत. मी तांदूळ पोटात घेऊन जीव मुठीत धरून पडून राहिलं. प्रतिज्ञापत्र झालं, दीदींनी होकार दिला आणि कॉलेजच्या ऑफिसची खिडकी बंद होता होता प्रवेश झाला.

सोमवारी राधिका लेकीला घेऊन निघाली, आधी पाळणाघर, मग कॉलेज; आणि डबा घरीच राहिला. इंदूबाईंनी दारातून हाक मारली, "राधिका! अवं राधिका!" शेजारणींनी माना वळवल्या. राधिका चालतच राहिली. तिला कळलंच नाही की हाक तिला आहे.

मित्रांनो, मला चिंच लावून घासा, नाहीतर पुन्हा माळ्यावर टाका, माझं पितळ पितळच राहील. पण तुमच्या घरी आलेल्या मुलीला तिच्या नावाने हाक मारत जा. फार उशीर केलात, तर इंदूबाईंसारखं तुम्हालाही डबा हातात घेऊन तिच्यामागे गल्लीच्या टोकापर्यंत धावावं लागेल.