तीन गाठींचा जोड

परंड्यात एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत रेवणसिद्धचं मोटारींची वाइंडिंग भरायचं दुकान आहे. विहिरीतली जळालेली पाणबुडी मोटार घेऊन कुणी आलं की तो आधी मोटारीचा वास घेतो, मग गिऱ्हाइकाशी बोलतो. माणूस मूळचा कर्नाटकच्या सीमेवरच्या मुरुमचा, त्यामुळे तारा मोजायच्या त्या कानडीतच: ओंदु, एरडु, मूरु. सगळा तालुका त्याला अप्पा म्हणतो. अप्पाचा एक रिवाज होता. कुठलाही जोड दिला, वर टेप गुंडाळली, की कॉइल बांधायचा पांढरा सुती दोरा तो त्यावर आवळायचा आणि तीन गाठी मारायचा. टेप उन्हानं सुटते, दोरा सुटत नाही, असं त्याचं म्हणणं. पण खरं सांगायचं तर त्यात थोडा तोराही होता. विहिरीवर, गिरणीत, कुठंही डबा उघडला आणि तीन गाठी दिसल्या की लोक म्हणायचे, हे अप्पाचं काम आहे, याला हात लावू नका.

होडीच्या वायरिंगसाठी धरणाकाठच्या वाडीतून रणधीरचा पहिला फोन आला तेव्हा अप्पा म्हणाला, सध्या सवड नाही. दुसऱ्यांदा म्हणाला, पाठ धरली आहे. तिसऱ्या वेळी रणधीर म्हणाला, "अप्पा, तुमाला जमत नसंल तर कुर्डुवाडीचा मानूस बोलावतो. होडीवरचा फ्यूजचा जुना डबा तुमीच बसवलाय, म्हून तुमाला इचारलं."

तो डबा दुसरं कुणी उघडणार हे ऐकलं आणि अप्पाची पाठ जागच्या जागी बरी झाली.

होडी रणधीरच्या घरची. पत्र्याची, डिझेल इंजिनाची, पंधरा माणसं बसतील एवढी. धरणाचं पाणी पसरलं तेव्हापासून वाडीची माणसं तिच्यातूनच पलीकडं जायची. शाळा तिकडं, दवाखाना तिकडं, बाजार तिकडं. रस्त्यानं जायचं तर बावीस किलोमीटरचा वळसा. रणधीरचा बाप बब्रुवान ती चालवायचा आणि रणधीरची आई दगडाबाई पुढच्या टोकाला बसायची. तिची नजर घारीची. पाण्यात बुडालेल्या बाभळींचे शेंडे आणि जुन्या विजेच्या लाइनीचे खांब ती लांबून दाखवायची, आणि नवरा तिच्या हाताकडं बघून होडी वळवायचा.

दोन वर्षांपूर्वी पौषातल्या एका सकाळी पाण्यावर अशी धुई उतरली की दगडाबाईला स्वतःचा हात दिसेना. समोरून मासेमारांची मोठी होडी येत होती. त्यांना बब्रुवानचा दिवा दिसला नाही, हॉर्न ऐकू आला नाही. ती होडी सरळ पुढच्या टोकावर आदळली. अकरा माणसं वाचली. दगडाबाई तेवढी गेली.

बब्रुवान सांगत होता, मी हॉर्नचं बटण दाबलं होतं, इंजिनाच्या आवाजात वाजला की नाही ते कळलं नाही. पण वाचलेल्या अकरा जणांतल्या एकानंही हॉर्न ऐकला नव्हता. मासेमारांनीही ऐकला नव्हता. पंचनाम्यात तेच आलं, डबा कुणी उघडून बघितला नाही. गाव म्हणालं, म्हातारा गांगरला, बटण दाबायचं विसरला.  रणधीरनं बापाशी बोलणंच सोडलं. भाकरी खाल्ली का, एवढं विचारायचं तरी बायकोला मध्ये घालायचा. चार-सहा महिन्यांनी बब्रुवाननंही बटणाचं सांगणं सोडून दिलं.

हे सगळं अप्पाच्या कानावर आलं होतं. तो दगडाबाईच्या मातीलाही गेला नव्हता. रोज सकाळी आंघोळ करून तो गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचा आणि त्यावर नजर लावून बसायचा. लहानपणापासूनचा नेम. पण गेली दोन वर्षं नजर ठरत नव्हती. बघता बघता ती लिंगावरून घसरायची आणि स्वतःच्या बोटांवर येऊन थांबायची.

अप्पा सकाळी आठलाच काठावर पोचला. रणधीर दहाला येणार होता. दुरुस्त केलेली होडी नव्या रंगात पाण्यावर उभी होती. काठावरच्या बाभळीखाली बब्रुवान घोंगडी अंथरून बसला होता. तो रोज तिथं येऊन बसतो आणि होडीत मात्र पाय ठेवत नाही, हे अप्पाला ठाऊक होतं.

"या अप्पा," बब्रुवान म्हणाला. "लई दिसांनी."

"व्हय तात्या," अप्पा म्हणाला आणि त्याच्याकडं न बघता होडीत चढला.

डबा इंजिनाशेजारी, फळीच्या खाली होता. रंगवणाऱ्यानं त्यालाही रंग फासला होता. चार स्क्रू काढायला अप्पाला एरवी मिनिटही लागलं नसतं, पण त्या दिवशी पेचकस दोनदा निसटला. झाकण निघालं. आत सगळं काळं होतं. तारांवरचं प्लास्टिक वितळून थेंब थेंब गळून थिजलं होतं. फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार वळलेली होती. आणि तिच्याशेजारी, पिवळा पडलेला पण जागचा न हललेला, त्याचा दोरा होता. तीन गाठी.

त्याला सगळं आठवत होतं. विसरलाच कधी होता! अपघाताच्या आठ दिवस आधी बब्रुवाननं त्याला बोलावलं होतं. दिवा आणि हॉर्न एकाच फ्यूजवर होते आणि तो फ्यूज आठवड्यात दोनदा उडाला होता. दोनदा उडाला याचा अर्थ तार कुठंतरी लोखंडाला घासते आहे, हे त्याला न कळायला तो काही कालचा कारागीर नव्हता. ती जागा शोधायला अर्धा दिवस गेला असता. दुकानात तीन मोटारी खोळंबल्या होत्या. आणि आपल्याकडं फ्यूज उडाला की काय करतात? तार मारतात. विहिरीवर मारतात, ट्रॅक्टरवर मारतात, देवळाच्या मीटरलाही मारतात. अप्पानं तार मारली, जोडावर टेप आणि दोरा आवळला, दिवा लावून दाखवला आणि म्हणाला, "उद्या येऊन बघतो." तो उद्या काही उगवला नाही. फ्यूज ओरडून सांगत होता आणि अप्पानं त्याच्या तोंडात बोळा कोंबला होता.

काठाकडं पाठ करून त्यानं डबा सगळा उपटला, फडक्यात गुंडाळला आणि पिशवीच्या तळाशी ठेवला. वर हत्यारं टाकली. आता तो डबा कुणाच्या नजरेला पडणार नव्हता. त्याला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

दहाला रणधीर आला. खोक्यातून त्यानं रडार काढला. भाकरीच्या दुरडीएवढा, पांढऱ्या झाकणाचा. रत्नागिरीच्या बंदरात वर्षभर काम करून येताना एका जुन्या लाँचवरचा तो घेऊन आला होता. "धुई असू द्या, अंधार असू द्या, ह्याला समदं दिसतंय," तो म्हणाला. "पौष लागायच्या आत होडी सुरू करायचीय. पोरांची शाळा बुडायलीय."

अप्पानं आयुष्यात रडार बघितला नव्हता. पुस्तक इंग्रजीत. त्याची मुलगी गायत्री धाराशिवला पॉलिटेक्निकला होती. पुस्तकाच्या पानांचे फोटो तिला पाठवले आणि फोन कानाला लावून काम सुरू झालं.

"अप्पा, तो माणसाच्या डोक्याच्या वर बसवायचा. पुढं काही आडवं येता कामा नये."

मागच्या बाजूला लोखंडी पाइप उभा करून त्यावर रडार बसवला. केबल पाइपच्या आतून खाली आणली. पत्र्याला भोक पाडलं तिथं अप्पानं कडांना रबर बसवलं, बोट फिरवून बघितलं, पुन्हा फिरवलं. रणधीर बघत राहिला. नव्या डब्यात शिरण्याआधी केबलला खाली झोळ दिला, म्हणजे वरून ओघळलेलं पाणी तिथूनच ठिबकून जाईल.

"आता बॅटरीची लाल तार," गायत्री म्हणाली. "तिच्यावर फ्यूज. बॅटरीच्या अगदी जवळ. आणि अप्पा, इथं चौकट करून ठळक लिहिलंय, फ्यूजऐवजी दुसरं काही वापरू नका. ऐकताय ना?"

"ऐकतोय," अप्पा म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक आला की तिनं पुन्हा विचारलं.

दुपारी सुकाणूपाशी लावलेला रडारचा पडदा उजळला. आधी नुसता काळा, मग एक रेघ गोल फिरली आणि काठ उमटला. पलीकडचा काठ. मधे ठिपके. रणधीर वर मान करून पाण्याकडं बघायचा आणि खाली पडद्याकडं. "ह्यो खांब! ह्या बाभळी!" एक ठिपका सरकत होता, तो जाळं टाकायला निघालेला मासेमार होता. रणधीरचे डोळे भरून आले. त्याला काय दिसत होतं ते अप्पाला समजलं. हे यंत्र दोन वर्षं आधी असतं तर.

मग रणधीर काठाकडं तोंड करून, पण कुणालाही उद्देशून नाही असं, मोठ्यानं म्हणाला, "यंत्राचं एक बरं असतंय. ते गांगरत न्हाय. इसरत न्हाय."

बाभळीखालून बब्रुवान सावकाश उठला आणि पाण्याच्या कडेपर्यंत आला.

"अप्पा, हॉर्न लावायचा ऱ्हायलाय न्हवं?"

"व्हय तात्या."

"त्येचं बटण मोठं लावा. ताटलीएवढं. माझ्यासारखा खुळा बसला तरी हात चुकाय नको." त्यानं आपल्या उजव्या हाताकडं बघितलं. "त्या दिशी म्या दाबलंच न्हाय. आधी वाटायचं, दाबलं. पर समदी म्हनत्यात तेच खरं असंल. हात गारठला व्हता."

अप्पाच्या हातात नवीन हॉर्न होता. तो त्यानं खाली ठेवला. त्याचा हात गळ्यापाशी, सदऱ्याच्या आतल्या लिंगाकडं गेला. मनात एक आवाज म्हणत होता, गप्प राहा, काम उरक, पिशवी उचल आणि एसटी पकड. दगडाबाई काही परत येणार नाही. पण समोर एक माणूस न केलेला गुन्हा कबूल करत उभा होता, आणि तो गुन्हा पिशवीच्या तळाशी फडक्यात बांधलेला होता. अप्पाला हे सोसेना.

त्यानं हत्यारं बाहेर काढली, फडकं सोडलं आणि डबा फळीवर ठेवला.

"रणधीर, हे बघ. तात्या, तुमीबी बघा. हा जुना डबा. सकाळी लपवला व्हता म्या."

मग तो बोलत गेला. थांबला नाही, थांबला असता तर पुन्हा बोलू शकला नसता. फ्यूज दोनदा उडाला ते, आपण तार मारली ते, उद्या येतो म्हणालो आणि आलो नाही ते. तार लोखंडाला घासून आतल्या आत जळाली. दिवा गेला, हॉर्न गेला. "तुमी बटण दाबलं असंल तात्या. शंभरदा दाबलं असतं तरी हॉर्न वाजनार नव्हता. दोष माझा हाय. दगडाबाई माझ्या हातानं गेली."

रणधीरनं त्याची गचांडी धरली. अप्पानं हात वर केला नाही. दोन वर्षांपासून तो याचीच वाट बघत होता म्हणा ना. पण रणधीरची नजर डब्यावर गेली, त्या तीन गाठींवर, आणि हाताची पकड आपोआप सुटली. तो इंजिनावर मट्‌कन बसला. इतके दिवस ज्याच्यावर राग धरला, तो माणूस आता गुडघाभर पाण्यात येऊन उभा होता आणि त्याचा काहीच दोष नव्हता.

बब्रुवान पाण्यातून चालत आला आणि होडीत चढला. दोन वर्षांनी. डब्याकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. तो सुकाणूपाशी गेला आणि जुन्या बटणाच्या जागी, जिथं आता नुसता रंग होता, तिथं त्यानं अंगठा टेकवला. न बघता. अंगठ्याला जागा पाठ होती.

"हितं," तो म्हणाला. "हितंच दाबलं व्हतं. तीनदा दाबलं."

अंगठा तिथंच ठेवून तो अप्पाकडं वळला.

"रोज दिवा लावताना तिच्या फोटूपुढं मी काय म्हनतो, ठावं हाय अप्पा? दगडे, म्या बटण दाबलं न्हाय, मला माफ कर. रोज. म्हंजे दीड वर्स म्या तिच्याशी खोटं बोलतोय व्हय?"

 अप्पा रडू लागला. पन्नाशी ओलांडलेला माणूस, हातात पेचकस घेऊन पोरासारखा रडला, आणि त्याला कुणी गप्प केलं नाही.

रणधीर इंजिनावरून उठला आणि म्हणाला, "हे गावापुढं सांगावं लागंल."

"सांगतो. आजच सांगतो. पंचनाम्यावर लिहूनबी देतो."

"ऱ्हायलेलं काम दुसऱ्याकडून करून घेतो म्या. तुमी जावा."

"न्हाय," बब्रुवान म्हणाला. "त्येच पुरं करतील. आता ह्यांच्यासारखा जोड दुसरा कोन देनार न्हाय."

अप्पानं हॉर्न लावला. त्याला वेगळी तार, वेगळा फ्यूज. सबंध तार बोटांखालून पुढून मागं, मागून पुढं तीनदा फिरवली. जोड दिला, टेप गुंडाळली, आणि सवयीनं खिशातून दोरा काढला. काढला आणि तसाच धरून बसला. मग दोरा परत खिशात सारू लागला.

"बांधा," बब्रुवान म्हणाला. "कुनी केलंय ते दिसू द्या."

अप्पानं दोरा आवळला. ओंदु, एरडु, मूरु. तिसरी गाठ पक्की बसली.

"बघा लावून," तो म्हणाला.

रणधीर पुढं झाला, बटणापाशी पोचला आणि थांबला. मग बापासाठी बाजूला सरकला.

"आबा, तुमी दाबा."

बब्रुवाननं अंगठा ठेवला. हॉर्न वाजला. पाण्यावरून तो पलीकडच्या काठापर्यंत गेला. तिकडं कपडे धुणाऱ्या बायका उभ्या राहून बघू लागल्या, जाळं टाकणाऱ्या मासेमारानं मान वळवली. बब्रुवान अंगठा उचलत नव्हता. होडीच्या पुढच्या रिकाम्या टोकाकडं बघत तो दाबूनच उभा होता, आणि रणधीरनं त्याला थांबवलं नाही.